आजोबांचं रिव्हॉल्व्हर, आपल्या बाता

"सर, आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलंय. ब्रिटिशकालीन आहे, ओरिजिनल. किती किंमत येईल?"

असा मेसेज मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो. पोस्टिंग कुठंही असो, तवांग असो नाहीतर चेन्नई, मेसेज तोच. सोबत फोटो. दिवाणावरच्या चादरीवर हत्यार ठेवलेलं, शेजारी नारळ आणि फुलं, कारण खंडेनवमीला पूजा झालेली. परवाच्या फोटोत नातवाने ते हातात धरलं होतं, बोट थेट ट्रिगरवर. आत गोळी आहे की नाही हे पाहिलं का, असं विचारलं. उत्तर आलं, "ते कसं उघडतं तेच कळत नाही."

या मेसेजमधल्या प्रत्येक शब्दाशी माझं भांडण आहे.

"रिव्हॉल्व्हर" हा पहिला. निम्म्या फोटोंमध्ये ते पिस्तूल असतं. फिरणारं चक्र असेल, त्यात पाच-सहा घरं असतील, तर रिव्हॉल्व्हर. मुठीत मॅगझिन सरकत असेल तर पिस्तूल. सहा महिन्यांच्या रिक्रूटला हे कळतं, पण सैनिकी परंपरा सांगणाऱ्या घरांना कळत नाही. "सापडलंय" हा दुसरा. परवान्याचं हत्यार सापडत नसतं. ते कुणाच्या तरी नावावर, कुठल्यातरी रजिस्टरमध्ये नोंदलेलं असतं. ज्याला ते माळ्यावर "सापडलं" त्याने परवाना कुठं आहे हे आधी शोधायला हवं होतं. "ब्रिटिशकालीन" म्हणजे काहीच नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा काळ आहे तो, आणि त्यात या देशात बर्मिंगहॅमपासून बेल्जियमपर्यंत, स्पेनपासून दर्रा आदम खेलपर्यंत कुठलंही हत्यार आलं. आणि "किंमत"! आजोबांनी जे शरीराला बांधून मोहीम केली त्याबद्दल पहिला प्रश्न भावाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या हत्याराची ओळख पटवणं हा निवृत्त लोकांचा फावल्या वेळचा छंद नाही. ते वारसाचं कर्तव्य आहे. कायद्यासाठी आहे, इतिहासासाठी आहे, आणि ज्याचं हत्यार होतं त्याच्या अब्रूसाठी आहे. हे कर्तव्य आपण मराठी लोक टाळतो आणि त्याऐवजी बाता मारतो. "जनरलसाहेबांनी खूश होऊन दिलं", "जर्मन अफसराकडून हिसकावलं", "नेताजींच्या फौजेतलं आहे". हत्यार उघडून त्यावर काय कोरलंय ते वाचायचे कष्ट मात्र घेत नाही.

इंग्रज काय करत होता ते आठवा. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. आपल्याकडे सर्रास "रिव्हॉल्व्हर" म्हटलं जातं. ती ब्राउनिंगची पिस्तुलं होती, बेल्जियममध्ये तयार झालेली. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, आणि सरकारने नाशिकचा धागा लंडनला जोडला त्यात त्या पिस्तुलांचा वाटा मोठा होता. दीड वर्षाने, १७ जून १९११ ला, इथं दक्षिणेत मणियाची जंक्शनवर वांचीनाथनने तिरुनेलवेलीच्या कलेक्टर अ‍ॅशला रेल्वेच्या डब्यात मारलं आणि स्वतःवर गोळी झाडली. हत्यार पुन्हा ब्राउनिंग. त्याला तयार करणारे व्ही. व्ही. एस. अय्यर हे लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे सहकारी. तो खटला मद्रास हायकोर्टात चालला. ती लाल इमारत माझ्या ऑफिसच्या वाटेवर लागते.

दोन कलेक्टर, दोन प्रांत, एकाच मेकचं हत्यार. "कुठलंसं रिव्हॉल्व्हर" एवढंच लिहून पोलीस मोकळे झाले असते तर हा धागा कुणालाच दिसला नसता. शत्रूने मेक वाचला. आपण फक्त पोवाडा गायला.

नंबर वाचल्याने काय होतं याचं आपलं स्वतःचंही एक उदाहरण आहे. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी झाडली आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी, मग भगतसिंगांनी. भगतसिंगांचं पिस्तूल कित्येक दशकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण संस्थेत इतर जुन्या हत्यारांबरोबर पडून होतं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग चढवलेला. तो खरवडल्यावर नंबर दिसला, १६८८९६, आणि तो खटल्याच्या कागदांतल्या नंबरशी जुळला. पॉइंट ३२ बोरचं कोल्ट. २०१७ मध्ये ते पंजाबात हुसैनीवालाला गेलं आणि लोक ते पाहायला रांगा लावू लागले. रंगाच्या एका थराखाली सहा आकडे होते, एवढीच गोष्ट. हत्यार तेच, जागा तीच. कुणीतरी नंबर वाचला, एवढाच फरक.

आता तुमच्या माळ्यावरच्या हत्याराकडे येऊ. फौजी घराण्यात बहुतेक वेळा चारांपैकी एक निघतं.

वेब्ली मार्क ६. बोर पॉइंट ४५५, सहा इंची नळी, हातात घेतलं की किलोभर वजन जाणवतं. १९१५ साली ब्रिटिश फौजेत आलं. पहिल्या महायुद्धातली पणजोबांची पिढी. तेव्हा अफसराला आपलं पिस्तूल स्वतः विकत घ्यावं लागे, अट एवढीच की त्यात सरकारी पॉइंट ४५५ काडतूस चालायला हवं. त्यामुळे त्या काळातलं हत्यार वेब्लीच असेल असंही नाही.

एनफिल्ड नंबर २. बोर पॉइंट ३८०. १९३२ पासून. फ्रेमच्या उजव्या बाजूला, मुठीच्या वर, मुकुट, एनफिल्डचं नाव, मार्क आणि साल कोरलेलं असतं. घोड्याला मागे अंगठ्याने ओढायचं शिंग नसेल तर ते १९३८ नंतरचं फक्त ट्रिगरवर चालणारं मॉडेल. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत किंवा बर्मात असतील तर हे असण्याची शक्यता बरीच.

वेब्ली मार्क ४, बोर पॉइंट ३८. तेही युद्धातलंच. घाईत बनवलेल्यांवर "वॉर फिनिश" असा शिक्का असतो, म्हणजे पॉलिश नाही, माफ करा. हे आणि एनफिल्ड फोटोत सख्खे भाऊ दिसतात. दोन्ही वरून मोडून उघडतात.

चौथं अमेरिकन, स्मिथ अँड वेसनचं "व्हिक्टरी". हे मोडून उघडत नाही, चक्र डावीकडे बाहेर येतं. मुठीच्या तळाशी नंबर, त्याआधी इंग्रजी व्ही.

यांच्या जोडीला पाचवा पाहुणा असतो, नक्कल. स्पेनच्या एइबार गावाने स्मिथ अँड वेसनच्या नकला जगभर विकल्या. सरहद्दीवरच्या दर्रा आदम खेलच्या कारागिरांनी तर हातानेच सगळं घडवलं. त्यांची कारागिरी नामी, पण इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे अक्षरं उलटी किंवा स्पेलिंग चुकलेलं. वायव्य सरहद्दीवर नोकरी केलेल्या आजोबांच्या हत्यारावर "एनफिल्ड"मधलं एन उलटं असेल तर नाराज होऊ नका. ते एनफिल्ड नाही हे खरं, पण त्याची गोष्ट अस्सल एनफिल्डपेक्षा जास्त रंगतदार असण्याची शक्यता आहे.

शिक्के पाहा. बाणाचं एकच टोक, म्हणजे सरकारी माल. त्या बाणाबरोबर इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून, चांदणीसारखे दिसत असतील, तर सरकारने ते रीतसर विकून सेवेतून काढलं. तुमच्या आजोबांच्या प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र म्हणून हा एवढासा शिक्का पुरतो. बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाउसचे शिक्के असतील आणि सरकारी बाण कुठंच नसेल, तर ते दुकानातून घेतलेलं खासगी हत्यार असण्याची शक्यता मोठी. नळी, फ्रेम आणि चक्रावरचे नंबर जुळतात का तेही पाहा. जुळत नसतील तर मधे कधीतरी भाग बदललेत.

हे सगळं तुम्ही स्वतः करायचं नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडच्या कारागिराकडून करून घ्यायचं. पण काय विचारायचं ते तुम्हाला माहीत हवं.

"एवढं कशाला? म्हातारं हत्यार आहे, चालतही नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईतली गोष्ट सांगतो.

इथल्या एका आजींची ओळख झाली. तंजावरकडच्या मराठी, वय ८१, मराठी अशी बोलतात की वाटावं दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्यातून कुणी बोलतंय, मधूनच तमिळचा हेल. त्यांचे सासरे फौजेत इंजिनिअर होते. त्यांचं रिव्हॉल्व्हर पुढे आजींच्या यजमानांच्या नावावर आलं. यजमान गेल्यावर आजींनी कायद्याप्रमाणे ते लगेच परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. सांगणारं कुणी नव्हतं, तरी केलं. मग मुलाच्या नावावर वारसा परवान्यासाठी अर्ज दिला. एका कार्यालयाने तो परत पाठवला. परवान्याच्या पुस्तिकेत "वेब्ली, पॉइंट ३८" लिहिलं होतं आणि शेरा पडला, प्रतिबंधित बोर.

इथं थोडा कायदा. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्व्हरमध्ये पॉइंट ३८० किंवा पॉइंट ४५५ चं रिम असलेलं काडतूस, किंवा फौजेचं ९ मिलिमीटर काडतूस बसतं आणि उडतं, ते प्रतिबंधित. त्याचा परवाना फक्त केंद्र सरकार देतं. पॉइंट ३२ मात्र प्रतिबंधित नाही. आणि वेब्लीने दोन्ही बोरमध्ये रिव्हॉल्व्हर बनवली, दिसायला एका आईची लेकरं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ सुद्धा त्याच वळणाचं. काडतुसाच्या जाडीतला फरक किती? सव्वा मिलिमीटर. या सव्वा मिलिमीटरवर शिक्षा बदलते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं हत्यार बाळगलं तर किमान २ वर्षं, प्रतिबंधित असेल तर किमान ७.

आजी मला म्हणाल्या, "मला ते बंदूक नको. मुलालाही नको असलं तर नको. पण मामंजींनी सरकारचं हत्यार घरात ठेवलं असं तो कागद म्हणतो की नाही? तेवढं पुसा."

विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्याच कारागिराने, सगळ्यांसमोर ते उघडलं. बोर पॉइंट ३२. काडतुसाचं घर मोजलं, तेही तेच सांगत होतं. बर्मिंगहॅमचे व्यापारी प्रूफचे शिक्के, सरकारी बाण कुठंही नाही. नंबर परवान्यातल्या नंबराशी अक्षरशः जुळला. म्हणजे हत्यार तेच, मामंजी निर्दोष, आणि कधीतरी जुनी पुस्तिका नवीन पुस्तिकेत उतरवताना कुणीतरी दोनाचा आठ केला. त्यानंतर किती नूतनीकरणं झाली, किती सह्या झाल्या! एकाही सही करणाऱ्याने हत्यार उघडून पाहिलं नाही. दुरुस्तीचा अर्ज देऊन ११ महिने झाले. फाइल "विचाराधीन" आहे. एका कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न कारागिराने दहा मिनिटांत सोडवला, तो कागदावर उतरायला ११ महिने पुरले नाहीत.

आजी तंजावरच्या, म्हणून मला इथलीच आणखी एक गोष्ट टोचते. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे भोसले राजे वारले आणि कंपनीने राज्य संपवलं. त्या राजवाड्याच्या शस्त्रागारातली काही हत्यारं आज एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आहेत. कट्यारी, तलवारी, अंकुश, पाहून घ्या, मराठी माणसाने चेन्नईत आधी तिथं जावं आणि मग मरिनावर. पण निवडून तिथं आलेली थोडी. बाकीच्या ढिगातली कितीतरी मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकली गेली. जे कुणीतरी ओळखलं ते काचेच्या कपाटात गेलं, जे ओळखलं नाही ते भट्टीत.

त्याला आपण इंग्रजांची असंस्कृती म्हणतो. ठीक. मग आज मालखान्यात वारसांनी जमा केलेलं, मुदत संपून सरकारजमा झालेलं आजोबांचं वेब्ली कट्ट्यांच्या ढिगात नष्ट होतं, त्याला काय म्हणायचं?

एका पोलीस मित्राने माझ्याशी यावर वाद घातला. तो म्हणाला, "सर, तुम्हाला इतिहास दिसतो, मला जोखीम दिसते. मालखान्यात जागा नाही. एक हत्यार गहाळ झालं तर माझी नोकरी जाते. नष्ट केलं की विषय संपतो." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. हत्याराचा हिशेब काय असतो हे पलटणीत कोतचा चार्ज घेतलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एक राउंड कमी भरला तर अख्खी कंपनी रात्रभर गवत चाळते. पण माझी मागणी हत्यार जपण्याची नाही, आधी वाचण्याची आहे. वारसाहक्काच्या वाटेने आलेलं हत्यार नष्ट करण्याआधी जाणकार कारागिराने एक पान भरावं. मेक, मॉडेल, बोर, सगळे नंबर, सगळे शिक्के, चार फोटो. आणि राज्याच्या संग्रहालयाला एकदा विचारावं, हवंय का? नको म्हणाले तर खुशाल वितळवा. गावठी कट्टा आणि १९१७ चं वेब्ली वेगळं काढायला पीएचडी लागत नाही. आणि वाचलेलं हत्यार गहाळ होणं उलट अवघड होतं, कारण त्याचा नंबर आता दोन ठिकाणी असतो.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. "शेवटी माणूस मारायचं यंत्र ते, त्याचं एवढं कौतुक कशाला?" मी त्या यंत्रांबरोबर वीस वर्षांहून जास्त काढलीत, मला त्यांचं कौतुक नाही. घरात हत्यार असावं असंही मी म्हणत नाही. बहुतेक घरांत ते नसलेलंच बरं. पण ते कुणाच्या हातात होतं, कुठं होतं, कधी होतं, याचा पुरावा त्या लोखंडावर कोरलेला आहे. आपल्या साध्या शिपायांनी डायऱ्या लिहिल्या नाहीत. इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते आपल्याला ठाऊक आहे कारण पदकाबरोबर कागद येतो. त्यांच्या शेजारी लढलेल्या आणि पदक न मिळालेल्या माणसाचा कागद कुठं आहे? काही घरांत तो कागद म्हणजे ट्रंकेतलं एक हत्यार आणि एक मळकी पुस्तिका, बस.

म्हणून दोन शब्द माझ्या सीनियरांना, निवृत्त अफसर, जेसीओ, जवान, सगळ्यांना. सर, तुमच्या मागे मुलांवर हे ओझं टाकू नका. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते हयातीतच वारसाच्या नावावर करायला अर्ज देता येतो, हे त्याच २०१६ च्या नियमांत आहे. मृत्यूच्या दाखल्याची वाट पाहावी लागत नाही. आणि २०१९ पासून एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं, वारसाचं धरून. मुलाकडे आधीच दोन असतील तर तिसऱ्याचा निर्णय तुम्हीच आज घ्या, सुनेवर सोडू नका. कुणालाच नको असेल तर रीतसर विका किंवा संग्रहालयाला विचारा.

आणि वारसांना, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांना. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब जमा करायचं, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. तुम्ही स्वतः सैन्यदलात असाल तर युनिटच्या कोतमध्ये. हे शस्त्र कायद्याचं २१ वं कलम आहे, माझा सल्ला नव्हे. पावती घ्या. पावतीवर मेक, बोर आणि नंबर तिथंच उभं राहून हत्याराशी ताडून पाहा, दोनाचा आठ तिथंच होतो. "जुनं आहे, बंद आहे, म्हणजे परवाना लागत नाही" असं कुणी सांगितलं तर त्याला ४५ वं कलम वाचायला लावा. सूट आहे, पण जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच जुनाट हत्याराला. तुमच्या आजोबांचं एनफिल्ड तेलाच्या चार थेंबांनी चालू होतं. विहिरीत टाकायचा विचार तर डोक्यातही आणू नका. परवान्यावरचं हत्यार कुठं गेलं या प्रश्नाला "विहिरीत" हे उत्तर चालत नाही.

हे सगळं झालं की मग गोष्ट सांगा. जनरलसाहेबांची सांगा, जर्मन अफसराची सांगा, मी आवडीने ऐकेन. फक्त गोष्टीच्या आधी नंबर सांगा. नंबर खरा असेल तर गोष्ट तपासता येते, आणि तपासून टिकली तरच ती आजोबांची. नाहीतर ती आपली, आपण आपल्याच मोठेपणासाठी रचलेली.